डॉ. भाऊ दाजी लाड : छाया आणि प्रकाश

पेडणे महालाने मुंबईला दिलेल्या कर्तृत्ववान पुरुषांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. निष्णात धन्वंतरी, प्राचीन लेखांचे वाचक, स्त्रीशिक्षणाचे कैवारी, मुंबईचे दोन वेळा शेरीफ, राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयाचे एक शिल्पकार अशा अनेक नात्यांनी त्यांचे चरित्र आपल्या वाचकांना परिचित आहे. प्रियोळचे सुपुत्र अ. का. प्रियोळकर यांनी भाऊंचे विस्तृत चरित्र सिद्ध करून हा परिचय पक्का केला. तथापि भाऊंच्या आयुष्याचा एक पैलू बहुधा दोन-चार ओळींत आटोपला जातो. हिंदुस्थानात छायाचित्रणकला नुकतीच पाऊल टाकीत असता तिचे स्वागत करणाऱ्या पहिल्या एतद्देशीयांत भाऊ आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे होते. माणसाच्या चेहऱ्यावर उजेड कोठून घ्यावा आणि काळ्या-पांढऱ्याच्या दरम्यानच्या कोणत्या छटेत तो चेहरा उतरवावा, हा प्रश्न आपल्याकडे ज्यांच्यापुढे प्रथम उभा राहिला त्यांत मांद्रेचे हे दोन भाऊ होते. प्रस्तुत लेखात भाऊंचे चरित्र याच अंगाने पाहण्याचा विचार आहे.

भाऊंचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. त्यांचा जन्म १८२२ साली (काही चरित्रकार १८२४ मानतात) पेडणे महालातील मांद्रे या गावी झाला. जुन्या लेखनात या गावाचे नाव मांजरे असेही आढळते. पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पोर्तुगीज अमलाखाली आले. जुन्या काबिजादींत धर्म आणि भाषा यांची जी उलथापालथ झाली ती या नव्या काबिजादींच्या वाट्याला तितकी आली नाही. देवळे टिकली, मराठी पोथ्या टिकल्या, गावची शाळा मराठीच राहिली. मात्र पोट भरण्याचे साधन गावात नव्हते. तेरेखोल ओलांडून सावंतवाडीच्या मुलखातून अथवा गलबतात बसून मुंबई गाठणे, हा पेडणेकरांचा परिपाठ त्या काळापासूनचा आहे. भाऊंचे कुटुंबही असेच मुंबईस गेले. वडील मातीच्या बाहुल्या करून विकत, असे सांगितले जाते. मुलाची बुद्धी बुद्धिबळाच्या पटावर एका इंग्रज गृहस्थाच्या नजरेस आली आणि त्याने वडिलांना गळ घालून मुलाला इंग्रजी शिक्षण देवविले, ही कथा सर्वच चरित्रांतून येते.

एल्फिन्स्टन संस्थेत भाऊंचे शिक्षण झाले. कच्छ-काठेवाडातील बालकन्याहत्येच्या दुष्ट चालीवर त्यांनी लिहिलेल्या निबंधाला पारितोषिक मिळाले. काही काळ त्यांनी त्याच संस्थेत अध्यापन केले. १८४५ साली ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू होताच त्यांनी तिकडे प्रवेश घेतला. त्या महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत अवघे आठ जण होते. पुढे प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेणारे आत्माराम पांडुरंग त्यांत होते, तसेच बार्देशातील आसगावचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. जुझे कामिल लिश्बोआ हेही होते. आठांतला एक पेडण्याचा. १८५१ साली भाऊंनी मुंबईत स्वतंत्र व्यवसाय आरंभिला. पुढे नारायणरावही वैद्यकीची परीक्षा उतरून त्यांना येऊन मिळाले. गरिबांना औषध फुकट मिळेल असा दवाखाना दोघा भावांनी चालविला.

येथेच छायाचित्रणाचा धागा हाती येतो. योगायोग असा की १८५१ हेच वर्ष छायाचित्रणाच्या इतिहासातही महत्त्वाचे आहे. पॅरिस येथे १८३९ च्या ऑगस्टमध्ये दागेरची पद्धत जगजाहीर झाली. तीत चांदीच्या पत्र्यावर एकच एक चित्र उमटे, त्याची प्रत निघत नसे. इंग्लंडात टॅल्बटने कागदावर उलटे चित्र घेऊन त्यावरून हव्या तितक्या सुलट प्रती काढण्याची युक्ती शोधली, परंतु कागदाच्या तंतूंमुळे चेहऱ्याचे बारकावे विस्कटत. १८५१ साली आर्चर या इंग्रजाने काचेवर कलोडियनचा थर देऊन चित्र घेण्याची रीत प्रसिद्ध केली आणि कागदाची प्रत व पत्र्याचा रेखीवपणा हे दोन्ही एकत्र आले. कलोडियन म्हणजे स्फोटक कापूस ईथर व मद्यार्कात विरघळवून केलेला चिकट द्रव. शल्यवैद्य तो जखमेवर लावीत, कारण वाळताच त्याची पातळ, पारदर्शक पापुद्र्यासारखी त्वचा बनते. त्या काचेला प्रकाशाची जाण येते ती सिल्व्हर नायट्रेटमुळे, आणि तेही डॉक्टरांच्या पेटीत चट्टे व व्रण जाळण्यासाठी ठेवलेले असे. पोटॅशियमचे आयोडाइड आणि ब्रोमाइड ही तर नित्याचीच औषधे. थोडक्यात, भाऊंच्या दवाखान्याच्या फडताळात ज्या बाटल्या होत्या, त्यांतल्या निम्म्या अंधाऱ्या खोलीच्या कामाच्या होत्या. आपल्याकडील आरंभीच्या छायाचित्रकारांत लष्करी अधिकाऱ्यांच्या जोडीने इतके डॉक्टर का आढळतात, याचे उत्तर यात सापडते. ती कला त्या वेळी चित्रकारापेक्षा औषधे मिसळणाऱ्याच्या हाताला अधिक जवळची होती.

ऑक्टोबर १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रणाची संस्था, फोटोग्राफिक सोसायटी, स्थापन झाली. हिंदुस्थानातील ही या प्रकारची पहिली संस्था होय. कलकत्ता आणि मद्रास येथील संस्था त्यानंतर १८५६ साली निघाल्या. कॅप्टन हॅरी बार हे मुंबईच्या संस्थेचे पहिले अध्यक्ष. सभासद बहुतेक युरोपियन, आणि जे थोडे एतद्देशीय होते त्यांत डॉ. भाऊ दाजी. पुढे नारायणराव या संस्थेच्या कार्यकारी मंडळावर गेले, त्यांची छायाचित्रे संस्थेच्या प्रदर्शनांत मांडली गेली. १८५५ साली एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला. त्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटून नाव मिळविले. दोघा लाड बंधूंत कॅमेऱ्यामागे अधिक काळ उभे राहिले ते नारायणराव. भाऊंच्या मागे रोगी, सभा आणि शिलालेख यांचा इतका व्याप होता की या छंदाला त्यांच्याकडून वेळ तुटपुंजाच मिळाला असणार. पण घरात, दवाखान्यात आणि संस्थेच्या बैठकीत या विषयाची चर्चा नित्य चाललेली असे, आणि भाऊंच्या इतर कामांवर तिची छाया पडली, हे पुढे दिसून येईल.

आता त्या काळी माणसाचे चित्र घेणे म्हणजे काय होते ते थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. विजेचा दिवा नव्हता. जो काही उजेड तो सूर्याचा. काच अंधाऱ्या खोलीत ओली करायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून उजेड द्यायचा आणि वाळण्यापूर्वी धुवायची. हे सारे दहाएक मिनिटांत, आणि मुंबईच्या उन्हाळ्यात, ईथर भराभर उडून जात असताना, त्याहूनही लवकर. समोरच्या माणसाला कित्येक सेकंद निश्चल बसावे लागे. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी टेकू दिलेला असे. जुन्या चित्रांतली माणसे इतकी गंभीर का दिसतात याची निरनिराळी कारणे सांगतात, मला त्या टेकूचे कारण सर्वांत पटते.

विलायतेतील छायाचित्रकार उजेडासाठी तळमळत, आपल्याकडील छायाचित्रकार त्याच्या अतिरेकाने हैराण होत. वैशाखातील दुपारी सूर्य डोक्यावर येतो तेव्हा कपाळ, नाकाचा शेंडा आणि गालफडे पांढरीफटक पडतात आणि डोळ्यांच्या खोबणीत, ओठांखाली, हनुवटीखाली दाट काळोख साचतो. चेहरा कवटीसारखा दिसू लागतो. म्हणून काम सकाळचे. जागा गच्चीवरची किंवा खोल पडवीतली, शक्यतो उत्तरेकडे तोंड असलेली, कारण उत्तरेचा उजेड वर्षाचा बहुतेक काळ थेट उन्हावाचून येतो आणि तासन्‌तास फारसा पालटत नाही. वर काचेचे छप्पर असल्यास त्याखाली मलमलीचा पडदा. एका बाजूने उजेड आणि दुसऱ्या बाजूला पांढरे कापड उभे करून परतवलेला मंद उजेड, एवढ्यावर चेहऱ्याची गोलाई उभी करायची. पांढरे कापड जवळ आणले की सावली विरघळते, दूर नेले की गडद होते. हात-दोन हात अंतराचा हा फरक, पण त्यावर चेहरा सौम्य दिसणार की करारी, तरुण की वठलेला, हे ठरते. पावसाळ्याचे चार महिने हे सारे मंदावे. आभाळाचा उजेड पुरत नसे आणि दमटपणा रसायनांना सोसत नसे.

याहून मोठी अडचण काचेच्या डोळ्यात होती. कलोडियनच्या काचेला निळा आणि जांभळा एवढेच रंग दिसत. पिवळा, तांबडा आणि बव्हंशी हिरवा तिच्या लेखी अंधार. म्हणूनच अंधाऱ्या खोलीत पिवळा वा तांबडा कंदील बिनधास्त लावता येई, आणि काही स्टुडिओंच्या छपराला निळी काच बसवीत, जेणेकरून समोरच्याचे डोळे दिपू नयेत आणि काचेला हवा तो उजेड पुरेपूर मिळावा. इंग्रज माणसाच्या बाबतीत हा दोष खपून जाई, फार तर त्याचे निळे डोळे फिकुटलेले दिसत आणि तोंडावरचे वांग उठून दिसत. आपल्याकडे मात्र सारा रंगपट उलटा होई. लाल पगडी काळी पडे. कपाळीचे कुंकू काजळाचा ठिपका बने. हळदीने माखलेले नववधूचे तोंड उजळण्याऐवजी काळवंडे. निळी चोळी अथवा नीळ दिलेले धोतर मात्र पांढरेशुभ्र उतरे. प्रत्यक्षात भडक ते चित्रात मलूल आणि प्रत्यक्षात गडद ते चित्रात फिके, असा हा प्रकार.

मुख्य प्रश्न कातडीच्या रंगाचा. गव्हाळ वा सावळी त्वचा निळा उजेड शोषून घेते आणि तांबूस उजेड परत धाडते. तो तांबूस उजेड काचेला दिसतच नसल्यामुळे आपला माणूस चित्रात असेल त्याहून एक-दोन छटा काळा उतरे. त्यात अंगात पांढरा अंगरखा, खांद्यावर पांढरे उपरणे. अंगरख्याची चुण न्‌ चुण दिसावी इतपतच काच उघडी ठेवली, तर चेहरा काळा डाग होऊन बसे. चेहऱ्याला पुरेल इतका वेळ दिला, तर अंगरखा पांढऱ्या पाटीसारखा सपाट होई. दोन्ही एका काचेवर नीट साधणे जवळजवळ अशक्य. कोणाची बाजू घ्यायची हे छायाचित्रकाराने ठरवायचे. वस्त्राची की मुखाची? वरवर पाहता ही रसायनाची बाब आहे, पण तीत समोरच्या माणसाविषयी आपले मत काय आहे याचाही निवाडा होऊन जातो.

कारण त्याच वर्षांत मुंबईत दुसऱ्या एका प्रकारची चित्रे मोठ्या प्रमाणात निघत होती. निरनिराळ्या जातींचे, धंद्यांचे, पेहरावांचे नमुने गोळा करण्याची साहेबांना हौस होती. १८५६ पासून मुंबईत जॉन्सन आणि हेंडरसन यांनी हौशी छायाचित्रकारांच्या चित्रांचा जो मासिक संग्रह काढला त्यात अशी वेशचित्रे असत. पुढे १८६३ आणि १८६६ मध्ये विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील जातीजमातींवर दोन भागांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात स्टुडिओत घेतलेली माणसे कापून निराळ्याच देखाव्यांवर जोडलेली आहेत. डोळसपणे पाहिले तर ती जोडणी उघडी पडते. अशा चित्राचा हेतू पगडीचा घाट, धोतराची नेसण, हातातले हत्यार नीट दिसावे हा. त्यासाठी समोरून पडणारा सपाट उजेड उत्तम. चेहऱ्याला त्यात फारसे काम नसते, चेहरा केवळ पगडीखालची जागा भरतो. एकाच गच्चीवर, एकाच कॅमेऱ्याने, उजेड बाजूने घेतला की माणूस दिसतो आणि समोरून घेतला की जात दिसते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नव्हे.

नारायणरावांनीही मुंबईतल्या निरनिराळ्या व्यवसायांतील लोकांची चित्रे घेतली. हा त्या काळचा प्रघात होता आणि संस्थेच्या प्रदर्शनात तशा चित्रांना मागणी होती. त्यांच्या कामगिरीचे महत्त्व मात्र वेगळ्या ठिकाणी आहे. ज्या मुलखातील माणसांना काचेसमोर उभे करून त्यांचे नमुने गोळा केले जात होते, त्याच मुलखातला एक माणूस आता काचेच्या मागे उभा होता. त्याला कुंकवाचा आणि हळदीचा खरा रंग ठाऊक होता, पगडी तांबडी आहे हे त्याला कोणी सांगावे लागत नव्हते, आणि समोर बसलेल्याशी तो त्याच्या भाषेत बोलू शकत होता. टेकूला मान लावून बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरचा ताण एका आपुलकीच्या शब्दाने किती सैल होतो, हे ज्यांनी हा धंदा केला आहे ते जाणतात.

काच तयार झाल्यावरही काम संपत नसे. अंड्याचा पांढरा बलक लावून चकचकीत केलेल्या कागदावर ती काच ठेवून उन्हात सुलट प्रत उमटवीत. मग सोन्याच्या क्षारात बुडवून तिला तांबूस तपकिरीपासून जांभळट काळ्यापर्यंत हवी ती छटा देत. म्हणजे ज्याला आपण सरसकट काळे-पांढरे म्हणतो ते चित्र क्वचितच निखळ काळे-पांढरे असे. उष्ण तपकिरी छटेत सावळा चेहरा जिवंत वाटतो, थंड निळसर काळ्यात तोच निर्जीव दिसतो. कुशल कारागीर प्रत उमटताना सावलीच्या भागावर हात वा कागद धरून तो भाग फार गडद होऊ देत नसे. पुढे गोमंतकातही हा व्यवसाय रुजला. पणजीच्या सौझा आणि पॉल यांच्या स्टुडिओचा शिक्का असलेली चित्रे जुन्या घरांतून आजही आढळतात. पेडणे-डिचोलीकडील वाड्यांच्या सोप्यात, राजांगणाच्या भिंतीवर, अशा तसबिरींची रांग असते. अलीकडे त्या नव्याने करून घेताना पूर्वजांचा रंग उजळवून घेण्याची आणि वर रंग भरून घेण्याची टूम निघाली आहे. एक तर त्यांचा काळेपणा पुष्कळसा काचेचा आहे, त्यांचा नव्हे. दुसरे असे की तो उजळवताना गालाखालची आणि डोळ्यांभोवतीची सावली पुसली जाते आणि तीबरोबर माणूसही पुसला जातो. मूळ तसबीर आहे तशी जपून ठेवावी, नक्कल हवी तशी करावी, एवढेच या निमित्ताने सुचवावेसे वाटते.

भाऊंच्या चरित्राकडे पुन्हा वळू. तिरप्या उजेडाचे जे तत्त्व चेहऱ्याला लागू पडते तेच दगडालाही लागू पडते, आणि भाऊंचे मोठे काम दगडांवरचे आहे. समोरून उजेड पडला की झिजलेला शिलालेख कोरा दिसतो. तोच उजेड बाजूने, भिंतीला घासून आला की प्रत्येक खोदीव रेघेच्या एका काठावर प्रकाश आणि दुसऱ्यावर सावली पडून अक्षर उभे राहते. भाऊंनी अजिंठ्याच्या लेण्यांतील लेख वाचले, गिरनारच्या खडकावरील रुद्रदामन्‌चा लेख पुन्हा तपासला, नाण्यांवरील पुसट अक्षरांतून राजांची नावे लावली, कालिदासादी ग्रंथकारांच्या कालनिर्णयावर लिहिले. १८६१ साली जुनागडचे भगवानलाल इंद्रजी त्यांच्याकडे आले. या तरुणाला पदरी ठेवून भाऊंनी त्याला देशभर लेखांच्या नकला घेण्यासाठी धाडले. भगवानलाल पुढे स्वतःच्या अधिकाराने थोर संशोधक झाले. एखाद्या गुरूने शिष्याला असे घडवावे आणि त्याचा खर्च आपल्या वैद्यकीच्या मिळकतीतून सोसावा, याचे दुसरे उदाहरण त्या काळात सहज सापडणार नाही.

धारवाड आणि म्हैसूर भागांतील शिलालेखांची छायाचित्रे डॉ. पिगू आणि कर्नल बिग्ज यांनी घेतली होती. पिगू हेही वैद्यकी पेशाचेच. त्या छायाचित्रांवरून लेख वाचून त्यांचा अहवाल तयार करण्याचे काम भाऊंकडे आले आणि तो अहवाल रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जागेवर न जाता, दगडाला हात न लावता, केवळ छायाचित्रातील प्रकाश आणि छाया यांवरून शेकडो वर्षांपूर्वीची अक्षरे वाचणे हे आज सामान्य वाटेल. त्या काळी ते नवल होते, आणि त्याला छायाचित्र कसे बनते, त्यात काय खरे उतरते आणि काय फसवे, हे जाणणारा वाचकच हवा होता. भिंतीवरचा चरा आणि काना यांतला भेद चित्रात सावलीच्या जाडीवरून ओळखावा लागतो. ज्याने स्वतः काच धुतली आहे, किंवा भावाला ती धुताना पाहिले आहे, त्याची नजर येथे इतरांपेक्षा सावध असणारच.

तिसरे क्षेत्र महारोगाचे. या रोगाने पछाडलेल्यांची स्थिती त्या काळी काय होती ते सांगावयास नको. रोगाची पहिली खूण बहुधा त्वचेवरील फिका, बधिर चट्टा. सावळ्या अंगावर तो समोरच्या झगझगीत उजेडात हरवतो. खिडकीशी उभे करून, उजेड बाजूने घेऊन पाहिले, की चट्ट्याची कड आणि कानाच्या पाळीची जाडी ध्यानात येते. येथे काचेचा दोष गुण ठरतो, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. निळाच रंग जाणणारी काच त्वचेतील रंगद्रव्याचे कमी-अधिक प्रमाण डोळ्यापेक्षा तीव्रतेने दाखविते. देवीचे फोड अंगावर दिसू लागण्याआधी छायाचित्रात डाग उमटल्याचा किस्सा त्या पिढीतील छायाचित्रकारांत सांगितला जाई. जो चेहरा सभ्य गृहस्थाच्या तसबिरीसाठी सौम्य करावयाचा, तोच निदानासाठी निष्ठुरपणे उघडा करावयाचा, आणि दोन्हींचे साधन एकच, खिडकीचा तिरपा उजेड.

जुन्या वैद्यकग्रंथांचा आधार घेऊन भाऊंनी या रोगावर औषध शोधले आणि अनेक रोग्यांवर योजले. कोकण-गोव्याच्या ओढ्याकाठी आणि सह्याद्रीच्या उतारावर वाढणाऱ्या कडू कवठाच्या बियांचे तेल हा त्याचा गाभा होता. भाऊंनी मात्र प्रयोग पुरते होईपर्यंत ते जाहीर करावयाचे नाकारले. त्यावरून वैद्यकवर्तुळात मोठा वाद माजला. रोगी दुरून दुरून येत होते, गुण आल्याचे सांगत होते, आणि औषधाचे नाव मात्र गुप्त. भाऊंचा पक्ष असा की अपुऱ्या प्रयोगावर जगाला आशा दाखवू नये. टीकाकारांचा असा की जे तपासता येत नाही ते शास्त्र नव्हे. भाऊंविषयी कितीही आदर असला तरी या बाबतीत टीकाकारांची बाजू बळकट होती असे म्हणणे भाग आहे. सर्व काही उजेडात आणण्याची ज्यांना आयुष्यभर ओढ, त्यांनी आपले सर्वांत मोलाचे काम झाकून ठेवावे, ही त्यांच्या चरित्रातील सलणारी गोष्ट. या वृक्षाच्या आणि त्याच्या भाईबंदांच्या बियांचे तेल विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगभर या रोगावर वापरले गेले. १९४० नंतर सल्फोन वर्गातील औषधे येईपर्यंत तेच प्रमुख औषध होते. भाऊंनी वेळीच लिहून ठेवले असते तर काही दशके वाचली असती.

त्यांच्या सार्वजनिक कार्याचा येथे केवळ उल्लेख करतो, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. १८५२ साली स्थापन झालेल्या बाँबे असोसिएशनचे ते एक चिटणीस होते. विद्यार्थ्यांच्या साहित्य-शास्त्र सभेचे ते पहिले एतद्देशीय अध्यक्ष. मुलींची शाळा त्यांच्या नावाने चाले. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंत त्यांची गणना होती. १८६२ च्या प्रसिद्ध महाराज लायबल खटल्यात त्यांनी डॉक्टर या नात्याने साक्ष दिली. एका संप्रदायाच्या बलाढ्य आचार्याविरुद्ध उभे राहून रोगनिदान भर न्यायालयात सांगणे याला त्या काळच्या मुंबईत मोठे धैर्य लागे. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाच्या व्यापाराला आलेला उधाणाचा काळ १८६५ साली एकाएकी ओसरला, शेअरांचा बाजार कोसळला, आणि त्यात अनेकांप्रमाणे भाऊंचीही मोठी हानी झाली. तरीही १८६९ आणि १८७१ अशी दोनदा त्यांची शेरीफपदी नेमणूक झाली. जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्यासमवेत ज्या वस्तुसंग्रहालयासाठी त्यांनी वर्गणी जमविली, ते व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालय मे १८७२ मध्ये लोकांना खुले झाले. मुंबई इलाख्यातील जातीजमातींच्या व धंद्यांच्या मातीच्या प्रतिकृती तेथे पाहावयास मिळतात. १९७५ साली त्या संग्रहालयाला भाऊंचे नाव देण्यात आले.

अखेरच्या दिवसांत अर्धांगवायूने त्यांना जखडले. ३१ मे १८७४ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. महारोगावरचे लेखन पुरे झाले नव्हते. त्यांच्या स्मरणार्थ संस्कृत हस्तलिखितांचा संग्रह एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात ठेवण्यात आला. त्यांचे विखुरलेले निबंध १८८८ साली कलकत्त्याहून रामचंद्र घोष यांनी एकत्र प्रसिद्ध केले, आणि प्रियोळकरांचे मराठी चरित्र १९७१ साली आले.

त्यांच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षी, १८७३ साली, दोन गोष्टी घडल्या. नॉर्वेत हान्सेनला महारोगाचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. बर्लिनमध्ये फोगेलला असे आढळले की काचेवरील थरात विशिष्ट रंगद्रव्य मिसळले तर तिला हिरव्या-पिवळ्या रंगांचीही जाण येते. तांबड्यासह सर्व रंग जाणणाऱ्या काचा बाजारात यावयास मात्र १९०६ साल उजाडले. तोवर मुंबईत काय किंवा पणजीत काय, कोणाही छायाचित्रकाराच्या काचेवर लाल पगडी काळीच उतरत राहिली.